अर्ध्या सावलीचे झाड

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात आपले कोणी राहत असेल आणि तिकडे जाण्याचा महिना आपणास निवडता येत असेल, तर एप्रिल निवडावा. चेरीच्या बहराची कीर्ती आपल्यापर्यंत पोहोचलेली आहेच. मी मात्र डॉगवुड पाहावयास सुचवीन. तो या राज्याचा राज्यवृक्ष आहे आणि त्याचेच फूल राज्यपुष्प आहे.

ब्लू रिज डोंगरांच्या माथ्यावरून, शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानातून, सुमारे 169 किलोमीटर लांबीचा ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ हा रस्ता जातो. वसंतात ओकची पालवी अजून पुरती फुटलेली नसते. त्या करड्या रानात डॉगवुडच्या आडव्या पसरलेल्या फांद्यांवर पांढरे थर तरंगताना दिसतात. गाडी थांबवून जवळ जावे. ज्या चार पाकळ्या वाटतात, त्या पाकळ्या नव्हेत. बोगनवेलीप्रमाणे ती रंगीत पाने, म्हणजे छदे, आहेत. प्रत्येकाच्या टोकाला लहानशी खाच असते. खरी फुले मध्यभागी, हिरवट पिवळी, ज्वारीच्या दाण्याएवढी. शरद ऋतूत तेथेच लालभडक फळे येतात. ती पक्ष्यांची मेजवानी. माणसाच्या तोंडाला ती कडू.

आरोग्याच्या पाक्षिकात लिहीत आहे म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात नाकेबंदीमुळे दक्षिणेकडील राज्यांत क्विनीन मिळेनासे झाले, तेव्हा तापावर या झाडाच्या सालीचा काढा देत. तो नाइलाजाचा काळ होता. आज कोणी तो प्रयोग करू नये.

हे झाड मोठ्या वृक्षांच्या छायेखालचे, मधल्या थरातले आहे. त्याला सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मानवते. माती आम्लधर्मी, पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेली, ओलसर, परंतु पाणी न साठणारी हवी. मुळे उथळ असल्याने उन्हाळ्याच्या कोरडेपणात ते लवकर कोमेजते आणि पाणी तुंबले तर गुदमरते. ओल हवी, पण दलदल नको, हे ऐकावयास सोपे वाटते. मला ते एका झाडाची हानी करूनच कळले.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या अंगणातील डॉगवुडभोवती मी आपल्याकडील आंब्याला करावे तसे खोल आळे केले. तेथील माती तांबडी, चिकण. रोज संध्याकाळी नळीने मी झाडाला पानांसकट न्हाऊ घातले, आणि खोडाला टेकवून लाकडाच्या चिपांचा ढीग रचला. लेक म्हणाली, “आई, पुरे गं.” मी ऐकले नाही.

या वेळी जाऊन पाहते तो खालच्या फांद्या वठलेल्या. गेल्या वर्षीची सुकलेली पाने हिवाळा उलटूनही डहाळ्यांवर लोंबत होती आणि खोडावर केविलवाणे धुमारे फुटले होते. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी पाहताच ओळखले: डॉगवुडचा करपा. 1970 च्या दशकाच्या अखेरीस पूर्व अमेरिकेत या बुरशीची प्रथम नोंद झाली. नंतरच्या दशकात मेरिलँडच्या कॅटॉक्टिन डोंगरातील दमट, दाट रानांत तिने अतोनात झाडे मारली. जेथे ऊन पोहोचते आणि वारा खेळतो, तेथील झाडे त्यामानाने तगली. रोग मी आणला नव्हता, हे त्यांनी सौजन्याने सांगितले. संध्याकाळी भिजवलेल्या पानांनी त्याचे आतिथ्य केले, हेही सांगितले.

कोरडा दिवस पाहून आम्ही वठलेल्या फांद्या छाटल्या, पडलेली पाने गोळा केली, आळे बुजवले आणि चिपा खोडापासून वीतभर दूर सारल्या. वर छत धरणाऱ्या मेपलची एक फांदीही काढली.

या कुळाचा विस्तार मोठा आहे. पूर्व आशियातील कौसा डॉगवुड या करप्याला बराच दाद देत नाही. तो पालवीनंतर, सुमारे महिनाभर उशिरा फुलतो. त्याची छदे टोकदार असतात. लाल काड्यांचे झुडूप ओढ्याकाठच्या ओल्या जमिनीतही आनंदाने वाढते आणि हिवाळ्यात बर्फावर त्याच्या कोवळ्या काड्या पेटल्यासारख्या दिसतात; जुन्या काड्या छाटल्या तरच तो रंग टिकतो. आपल्या देशातही या कुळाचा एक सदाहरित वृक्ष आहे. गढवालात त्याला भमोरा म्हणतात, आणि त्याची स्ट्रॉबेरीसारखी लाल फळे लोक आवडीने खातात.

लेकीने कोपऱ्यात कौसाचे रोप लावले, जमिनीच्या पातळीला, आळ्याविना. तो फुलण्याआधीच माझे परतीचे तिकीट होते. निघण्याच्या सकाळी जुन्या डॉगवुडच्या वरच्या फांद्यांवर नवी पाने पुरती उलगडली होती. दोन्ही झाडांना थोडे पाणी घालावे म्हणून नळी शोधली, तर ती लेकीने आधीच गॅरेजात नेऊन ठेवली होती.