मी आणि पेरू

आमचे मेहरूण बोरांकरिता प्रसिद्ध. तेथे पेरूचा विषय निघाला आणि मी एक धडा शिकलो.

माझ्या वर्गात एक तेलुगूभाषी मुलगा होता. त्याच्या आजीला तेलुगूवाचून दुसरी भाषा येत नसे. मी प्रथमच त्यांच्या घरी गेलो, तेव्हा तिने प्रेमाने विचारिले, "मी पेरु?" मला हसू आवरेना. "आजी, तुम्ही पेरू, तर मी मेहरूणचे बोर!" असे मी म्हणालो. बिचारी गोंधळून आत निघून गेली.

मित्राने मग खुलासा केला. तेलुगूत 'पेरु' म्हणजे नाव आणि 'मी' म्हणजे आपले. लहान मुलाला एकेरी 'नी' म्हटले तरी चालते. परंतु आजीने पाहुणा म्हणून मला आदराचा 'मी' दिला होता. त्या मानाची मी थट्टेने परतफेड केली!

मिशनरी पंडित रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ साली द्राविड भाषांचे तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केले. तेलुगू त्या कुळातील, मराठी आर्यकुळातील. तेव्हा हे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे. पोर्तुगीज भाषेत तर 'पेरू' म्हणजे टर्की हा पक्षी!

दुसऱ्या दिवशी मी ओंजळभर बोरे घेऊन गेलो व आजीस आपले नाव सांगितले. वाचकहो, जो 'मी' आमच्या भाषेत स्वतःपुरता, तोच तिच्या भाषेत समोरच्याचा. तेव्हापासून परकी बोली कानी पडली की मी आधी अर्थ विचारितो. हसावयाचे झाल्यास मागाहून.