विरलेलं लुगडं वर

गोधडी शिवताना धड लुगडं वर-खाली आणि विरलेली सगळी आत, असा आमच्याकडचा रिवाज. मी हल्ली उलटं करते. विरलेलं वर ठेवते.

चार-पाच थर घ्यायचे, पण अर्धगोल कापून, प्रत्येक आधीच्याहून थोडा लहान. कडा दुमडायच्या नाहीत. धावदोरा घालून दोरा हळूहळू ओढला की चुण्या पडतात, कापड फुगतं. खळ लावून वाळवलं की पावसाळ्यात ताम्हिणीकडे जुन्या खोडांवर दिसते तशी फळीसारखी आळंबी तयार! खरी टणक आळंबी कित्येक वर्षं टिकते, दर मोसमात खालून नवा थर वाढवते, आणि तेही बहुधा मेलेल्या लाकडावर.

मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी तर जाड दोराला गाठी मारत माणसाएवढी शिल्पं उभी केली. २०१९ साली न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्यापुढे माझा हा पोरखेळच.

हिंजवडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये आता गोधडी कुणी पांघरत नाही. नात विचारते, "आजी, हे पांघरताही येत नाही, मग याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. ही लुगडी माझ्या आईची. आता धुवायला घेतली तर हातात फाटतील. गोधडीत ती आतच गेली असती, कुणाला दिसली नसती. ऊब देण्याचं काम त्यांनी पुष्कळ केलं. आता नुसती दिसली तरी पुरे.