चाकांवरचे घर

धर्मगुरू म्हणून माझ्या हातून किती घरांवर पवित्र जल शिंपडले गेले, याची गणती मी ठेवलेली नाही. नवी बांधलेली घरे, भाड्याच्या खोल्या, एकदा तर मच्छीमार बांधवाची होडीही. परंतु २०२३ च्या ऑगस्ट महिन्यात टोरांटोजवळ राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने मला अंगणात नेऊन उभे केले आणि म्हटले, "दादा, या घराला आशीर्वाद दे," तेव्हा मी क्षणभर गोंधळलो. समोर घर नव्हते. बसएवढी एक पांढरी गाडी उभी होती.

तिकडे अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. लांबी २५ फूट, रुंदी ८ फूट. चालकाच्या डोक्यावर एक पलंग, अगदी मागे दुसरा, आणि मधले जेवणाचे टेबल रात्री खाली उतरवले की तिसरा. गॅसची शेगडी, लहानसा फ्रिज, एका माणसाला कसेबसे उभे राहता येईल असे न्हाणीघर. या घरातून आम्ही नऊ दिवस प्रवास करणार होतो. भाऊ, त्याची पत्नी, सोळा वर्षांची पुतणी, अकरा वर्षांचा पुतण्या आणि मी असे पाच जण, शिवाय मोती नावाचा तेरा वर्षांचा म्हातारा कुत्रा आणि मनी नावाची मांजर. वसईच्या आमच्या जुन्या घरात आईने पाळलेल्या कुत्र्याचे नाव मोती होते. तेच नाव भावाने परदेशात या कुत्र्याला दिले होते.

मी आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. पण मन प्रसन्न नव्हते. आम्हां दोघां भावांमध्ये तीन वर्षे एक गोष्ट न बोललेली राहिली होती. मोठ्या घरात अशी गोष्ट टाळता येते. एक जण दिवाणखान्यात बसला की दुसरा गच्चीवर जातो. पंचवीस फुटांत कुठे जाणार?

मोटरहोमला स्वतःचे नियम असतात, हे मला पहिल्याच दिवशी कळले. गाडी निघण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची खिटी लावायची, नाहीतर पहिल्या वळणावर ताटवाट्या अंगावर येतात. पिण्याचे व वापराचे पाणी एकाच टाकीत असते. अंघोळ म्हणजे अंग भिजवणे, नळ बंद करून साबण लावणे आणि मग धुणे. धावत्या गाडीत मोतीला पट्ट्याने बांधायचे आणि मनीला पिंजऱ्यात ठेवायचे, कारण अचानक ब्रेक लागला तर मोकळे जनावर स्वतः जखमी होते आणि दुसऱ्यालाही करते. दर दोन तासांनी थांबून मोतीला पाय मोकळे करू द्यायचे. उन्हात बंद गाडीत त्याला क्षणभरही सोडायचे नाही. दोघांच्या लसीकरणाचे दाखले आणि रोजच्या सवयीचे खाणे बरोबर ठेवायचे. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी सर्वांत शेवटी पुतण्या मोठ्याने विचारी, "मनी कुठे आहे?" मनी दिसल्याशिवाय गाडी हलत नसे.

हे सर्व नियम मी दोन दिवसांत मोडले. खिटी लावायला विसरलो आणि बरणीभर लोणचे जमिनीवर सांडले. प्रहरांची प्रार्थना संपवायची म्हणून सर्वांना वीस मिनिटे ताटकळत ठेवले. सकाळी पहिला अंघोळीला गेलो आणि धर्मगुरुनिवासातल्या सवयीने नळ चालूच ठेवला. माझ्यामागून गेलेल्या भावजयीला साबण लावलेल्या अंगाने पुढच्या मुक्कामाची वाट पाहावी लागली. ती काही बोलली नाही. मी धर्मगुरू म्हणून ती बोलली नाही, हे मला जाणवले आणि अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

आमचा पहिला मुक्काम मिडलंडला होता. टोरांटोच्या उत्तरेस सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या या गावी कॅनडाच्या हुतात्म्यांचे तीर्थमंदिर आहे. येशूसंघीय धर्मगुरूंनी वेंडाट लोकांमध्ये, ज्यांना फ्रेंच ह्युरॉन म्हणत, १६३९ साली येथे सांत मारी हे मिशनकेंद्र उभारले. संत जाँ द ब्रेबफ या परिसरातच १६ मार्च १६४९ रोजी हुतात्मा झाले. त्यांचे पवित्र अवशेष मंदिरात आहेत. ते क्वेबेकहून येथे होडीने आले होते. वाटेत धबधब्यांपाशी होड्या खांद्यावर घेऊन चालावे लागे. अशी वेळ पस्तीस वेळा आली आणि किमान पन्नास वेळा होड्या पाण्यातून ओढाव्या लागल्या, असे त्यांनी मोजून लिहून ठेवले आहे.

१६३७ साली त्यांनी वेंडाट लोकांकडे येणाऱ्या धर्मगुरूंसाठी काही सूचना लिहिल्या. सेमिनरीत आम्ही त्यांचे हौतात्म्य शिकलो होतो. या सूचना मात्र मी मिडलंडलाच प्रथम लक्षपूर्वक वाचल्या. त्यांत धर्मतत्त्वांपेक्षा होडीतली वागणूक अधिक आहे. होडी निघताना कोणाला खोळंबून ठेवू नका. झगा वर खोचून आत या, म्हणजे पाणी आणि वाळू होडीत येणार नाही. ते देतील ते खा. शेवटपर्यंत वल्हवणार असाल तरच वल्हे हाती घ्या. जमिनीवरून सामान नेताना काही ना काही उचला, मग ते एक पातेले का असेना. रात्री टेबलापाशी मी हे सर्वांना मराठीत सांगितले. पुतणी म्हणाली, "फादरकाका, ही तर मम्मीचीच लिस्ट आहे." सगळे हसले. भावजयही हसली. मला आतून लाज वाटली. ज्या संताच्या सणाला मी प्रवचने दिली, तो आधी चांगला सहप्रवासी होता, हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

त्या तीर्थस्थानी आणखी एक विचार मनात येऊन गेला. पुढील काळात कॅनडातील निवासी शाळांमधून मूळ रहिवाशांच्या मुलांवर जे अन्याय झाले, त्यांत ख्रिस्तसभेच्या अनेक माणसांचा हात होता. त्याबद्दल पोप फ्रान्सिस यांनी जुलै २०२२ मध्ये स्वतः तेथे जाऊन क्षमा मागितली. वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी, चाकांच्या खुर्चीत बसून. मला तर माझ्या भावाजवळ जायला एक टेबल ओलांडायचे होते.

पुढे आम्ही फ्रेंच नदी ओलांडली. हुतात्म्यांच्या होड्या याच नदीतून आल्या होत्या. सडबरी, सू सेंट मारी ही गावे मागे टाकून चौथ्या दिवशी सुपीरियर सरोवराच्या काठी अगावा खाडीपाशी उतरलो. या सरोवराचा विस्तार ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून अधिक. काठावर उभे राहिले की पलीकडचा किनारा दिसत नाही. मला अर्नाळ्याचा समुद्र आठवला, फक्त पाण्याला खारा वास नव्हता. मोती पाण्यात पोटापर्यंत जाऊन शांत उभा राहिला. त्याचे मागचे पाय दुखत असत. थंड पाण्याने त्याला बरे वाटत असावे.

त्याच संध्याकाळी मनी हरवली.

मी दाराबाहेर खुर्ची टाकून प्रार्थनापुस्तक वाचत होतो. आत-बाहेर करताना जाळीचे दार माझ्याकडून उघडे राहिले होते. जेवणाच्या वेळी पुतण्याने हाक मारली तर मनी नाही. पलंगाखाली, न्हाणीघरात, पुढच्या आसनामागे, कुठेच नाही. भोवती घनदाट अरण्य. कोल्हे आणि अस्वले असल्याच्या सूचना ठिकठिकाणी लावलेल्या. मुलगा रडू लागला. पुतणी माझ्याकडे वळून म्हणाली, "फादरकाका, तुम्ही एकटे राहता. तुमच्या मागून कोणी बाहेर पडेल, हे तुमच्या लक्षातच येत नाही." तिच्या आईने तिला दटावले. पण ती जे बोलली ते खरे होते.

मी आणि भाऊ विजेऱ्या घेऊन निघालो, मोती बरोबर. नऊ वाजून गेले होते, पश्चिमेला अजून थोडा उजेड होता. बराच वेळ आम्ही मनीला हाका मारण्यापलीकडे काही बोललो नाही. मग एका पडलेल्या झाडापाशी मोती दमून बसला, म्हणून आम्हीही बसलो.

आमची आई मे २०२० मध्ये वारली. टाळेबंदी होती, परदेशाहून येणारी विमाने मार्चपासून बंद होती. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. मिस्सा मी अर्पण केला आणि भावाने तो मोबाइलवर पाहिला. त्या रात्री मी त्याला पत्र लिहिले. टपाल चालू नव्हते, म्हणून कागदाचे छायाचित्र काढून पाठवले. आईला तुझी गरज होती तेव्हा तू पैसे पाठवलेस, स्वतः आला नाहीस, असे बरेच काही त्यात होते. दुःखात माणूस लिहितो, असे मी पुढे स्वतःला समजावले. त्याने उत्तर दिले नाही. फोनवर आम्ही हवापाण्याविषयी बोलत राहिलो.

"तुझं ते पत्र अजून माझ्याकडे आहे, दादा," अंधारात तो म्हणाला. "दोन मोबाइल बदलले. दोन्ही वेळा ते नव्यात घेतलं."

"पुसून का नाही टाकलंस?"

"आई शेवटी काय बोलली, ते त्यात आहे. बाकीचं पुसून तेवढंच ठेवता येत नाही."

माझ्यासमोर गुडघे टेकून हजारो माणसांनी आपली पापे सांगितली आहेत. "मी चुकलो" हे शब्द उच्चारण्यापूर्वी त्यांच्या घशात काय होते, ते त्या झाडावर बसून मला पहिल्यांदा कळले. मी म्हटले, "मी चुकलो. तू येऊ शकत नव्हतास, हे मला ठाऊक होतं. मला कोणावर तरी रागवायचं होतं. मला क्षमा कर." त्याने उत्तर दिले नाही. मोतीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग उठला आणि म्हणाला, "चल, मनी शोधू."

मनी मध्यरात्री सापडली. ती बाहेर पडलीच नव्हती. माझ्या बिछान्याच्या फळीखाली पाण्याच्या नळ्यांसाठी एक पोकळी होती, तिच्यात अंग चोरून झोपली होती.

सकाळी भावाने माझ्यासमोर रबरी हातमोज्यांची जोडी ठेवली. "आज टाकी रिकामी करायची पाळी तुझी." मोटरहोमच्या मैल्याची टाकी ठरावीक ठिकाणी जाऊन नळीने रिकामी करावी लागते. आधी मैल्याची, मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. तोवर त्याने मला पाहुणा मानून या कामापासून दूर ठेवले होते. त्या दिवशी शेजारी उभे राहून त्याने मला शिकवले, आणि एकदा माझ्या झग्यावर, म्हणजे शर्टावर, शिंतोडे उडाले तेव्हा लहानपणी हसायचा तसा हसला. मला माझ्या विनंतीचे उत्तर मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी त्या टेबलावर पांढरे वस्त्र अंथरून मी आईसाठी मिस्सा अर्पण केला. मिस्सा पवित्र स्थळी व्हावा, असाच ख्रिस्तसभेचा नियम आहे. गरज पडल्यास योग्य व आदरयुक्त जागी अर्पण करण्याची मुभा आहे. आदल्या रात्री त्याच टेबलावर मुले पत्ते खेळली होती. मोती खाली माझ्या पायांवर हनुवटी टेकून पडला होता. त्याला हाकलावे असे कोणाला वाटले नाही. मालकाच्या टेबलाखाली पडलेल्या चुऱ्याविषयी प्रभूशी बोलणारी ती कनानी बाई मला आठवली.

बायबलमध्ये तोबियाच्या प्रवासाची कथा आहे. आंधळ्या पित्याचा मुलगा दूरदेशी निघतो, सोबत देवदूत राफाएल असतो, पण त्याला कोणी ओळखत नाही. जाताना त्यांच्याबरोबर कुत्रा निघाल्याचा उल्लेख आहे आणि परतताना तो पुन्हा दिसतो. मधल्या साऱ्या कथेत कुत्रा काहीच करीत नाही. सेमिनरीत आम्ही विचारत असू, मग तो कथेत कशाला? आता मला वाटते, तो कुटुंबाबरोबर गेला आणि कुटुंबाबरोबर परतला, एवढेच त्याचे काम होते. त्या रात्री अरण्यात मोतीने तरी दुसरे काय केले? तो दमला, म्हणून आम्ही दोघे एका जागी बसलो.

मी वसईला परतलो. पुढच्या हिवाळ्यात मोती गेला. पुतणीने फोन करून विचारले, "फादरकाका, तो स्वर्गात असेल का?" पूर्वी मी तिला आत्म्याविषयी पाठ दिला असता. मी सांगितले, की पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात अनंत जीवनात प्रत्येक प्राणिमात्राला रूपांतरित होऊन आपले स्थान लाभेल असे लिहिले आहे. त्या आशेत मोतीही येतो. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पुढच्या वेळी मनीवर लक्ष ठेवायचं काम तुमचं."

विवाहपूर्व मार्गदर्शनासाठी तरुण जोडपी माझ्याकडे येतात. कुटुंबजीवनावर मी आजही बोलतो, पण पूर्वीपेक्षा थोडे कमी. संत ब्रेबफ यांच्या सूचना मात्र त्यांना आवर्जून सांगतो: खोळंबून ठेवू नका, वाळू आत आणू नका, काहीतरी उचला. आणि बाहेर पडण्यापूर्वी मागे वळून पाहा, आपल्या घरातील कोणी मागे तर राहिले नाही ना.