हिलना नक्को

सतरा सप्टेंबरच्या सकाळी झेंडावंदन आटोपून हिमायतनगरच्या मुख्य रस्त्याने घराकडे परतत असताना, कडेला बांबूंच्या चौकटीवर ताणलेल्या एका फलकापाशी माझी पावले थबकली. फलक तसा नेहमीचाच होता. वरच्या अंगाला होतकरू पुढाऱ्यांच्या हसऱ्या मुद्रांची रांग, खालच्या अंगाला 'शुभेच्छुक' या सदरात वीस-पंचवीस नावे, आणि मधोमध, वाऱ्याने कापडाला पोट सुटल्यामुळे किंचित फुगलेले, ते आम्हां मराठवाड्यातील लोकांना देवघरातील तसबिरीइतके परिचित असलेले छायाचित्र: शेरवानी आणि टोपी घातलेले कृश अंगकाठीचे मीर उस्मान अली खान हात जोडून उभे आहेत, आणि समोर धोतर नेसलेले सरदार वल्लभभाई. खाली ठळक अक्षरांत मजकूर होता, 'निजामाची शरणागती, १७ सप्टेंबर १९४८'.

आता, ज्याने उभे आयुष्य दप्तरांतील तारखा ताडून पाहण्यात घालवले, त्याला अशा मजकुरापुढून मुकाट्याने जाणे जमत नाही. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजामाने नभोवाणीवरून युद्धबंदी जाहीर केली, आणि १८ तारखेला निजामी सैन्याचे सेनापती एल इद्रूस यांनी जनरल चौधरी यांच्यापुढे रीतसर शस्त्रे खाली ठेवली. त्या खऱ्याखुऱ्या शरणागतीचेही छायाचित्र आहे, पण त्यात गणवेशातील दोन लष्करी अंमलदार समोरासमोर आहेत एवढेच, आणि ते मी आजवर कोणत्याही चौकात टांगलेले पाहिलेले नाही. फलकावरचे छायाचित्र बेगमपेठच्या विमानतळावरचे, फेब्रुवारी १९४९ मधले, म्हणजे सारा फैसला होऊन पाच महिने लोटल्यानंतरचे. वल्लभभाई हैदराबादेस आले, निजाम त्यांना घ्यायला जातीने गेले, आणि एका यजमानाने पाहुण्यास करावा तसा नमस्कार त्यांनी केला. नीट पाहिले तर वल्लभभाईंचेही हात जुळलेले आहेत. ज्याच्या शरणागतीचा हा उत्सव, तो पुढे २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत आमचा राजप्रमुख होता, हे तर फलकाखाली उभ्या असलेल्या कोणाच्या गावीही नव्हते.

दोऱ्या आवळत असलेल्या एका पोराला मी हे सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले, अगदी अदबीने ऐकून घेतले, आणि म्हणाला, "तारीख कोन बघते, आबा? हात बघा की."

मी हात पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, मला त्याचे म्हणणे पटले. १९३७ साली अमेरिकेतील 'टाइम'ने जगातील सर्वांत धनवान पुरुष म्हणून ज्याची छबी मुखपृष्ठावर छापली, ज्याच्या फर्मानापुढे आमच्या आजे-पणज्यांनी माना लवविल्या, त्याचे हात एकदा तरी असे जुळलेले दिसावेत ही चार पिढ्यांची तहान होती. त्या तहानेनेच हे छायाचित्र पाच महिने मागे ओढून सतरा तारखेवर आणून बसवले असावे. इतिहासाच्या दप्तरात ही खाडाखोड गुन्हा ठरेल. चौकात तिला कोणी हरकत घेत नाही.

या गावाला तर हरकत घेण्याचा अधिकारच नाही, कारण त्याचे स्वतःचे नावही खाडाखोडीतूनच आलेले आहे. निजामाचे थोरले चिरंजीव हिमायत अली खान, ज्यांच्या नावाचा हिमायतसागर हैदराबादेजवळ आहे, त्यांच्याशी आमच्या गावाचे नाव जुळते. आणि मूळचे वाढोणा हे नाव जुन्या माणसांच्या तोंडी व ग्रामदैवत परमेश्वराच्या जयजयकारात काय ते उरले आहे.

परमेश्वराचे नाव निघाले आणि मला महाशिवरात्रीची यात्रा आठवली. यात्रेत मुदखेडकडून मीटरगेजच्या गाडीने एक छायाचित्रकार येत असे. त्याच्याबरोबर रंगविलेला एक पडदा असे, ज्यावर चारमिनार, चंद्रकोर आणि एक विमान ही तिन्ही एकाच आभाळात मोठ्या गुण्यागोविंदाने नांदत; तीन पायांवर उभी लाकडाची पेटी असे आणि तिला मागे काळ्या कापडाची एक लांब बाही. आमची आजी जन्मात कधी कोणापुढे चेहरा धरून बसली नव्हती. त्या दिवशी कोणी तिचे मन वळवले कोण जाणे, पण लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून, पडद्यावरच्या विमानाकडे पाठ करून ती लोखंडी खुर्चीवर बसली, आणि तिच्या गुडघ्याशी मला उभे केले. माझ्या अंगात कोणाचा तरी मापाला मोठा कोट होता. छायाचित्रकाराने पेटीत डोकावून पाहिले, आजीची हनुवटी दोन बोटांनी उचलावी की न उचलावी या विचारात क्षणभर घुटमळला, मग दुरूनच म्हणाला, "माय, इधर देखो. हिलना नक्को." आणि भिंगावरचे पितळी टोपण काढून, जणू एखादा मंत्र म्हणावा तसे, ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागला.

'नक्को' या शब्दाला आजी हसली. दखनी तिला परकी नव्हती; बाजारात बागवानाशी ती याच बोलीत घासाघीस करी; पण दाढीवाल्या, गंभीर, परक्या पुरुषाने आपल्याला लहान पोरीसारखे दटावावे याची तिला गंमत वाटली असावी. टोपण परत बसले तेव्हा ती हलून चुकली होती.

मग त्या पेटीतली करामत सुरू झाली. बाहीत कोपरापर्यंत हात घालून तो आत काहीतरी चाचपडत राही, आणि चेहरा मात्र यात्रेकडे, रेवड्यांच्या दुकानांकडे, जणू आतला हात दुसऱ्याच कोणाचा आहे. थोड्या वेळाने त्याने पेटीतून ओला कागद काढला. त्यावर आजी होती, पण उलटी: सावळा चेहरा पांढरा, पांढऱ्या बटा काळ्या आणि कपाळावरचे कुंकू म्हणजे एक पांढरा ठिपका. मी घाबरून रडू लागलो. तो हसला, कागद भिंगासमोरच्या फळीवर चिकटवला, त्या छायेची पुन्हा छाया घेतली, पुन्हा बाहीत हात घातला, आणि या खेपेस जे निघाले ते बादलीतल्या पाण्यात खळबळून आजीच्या हातात ठेवले. मी त्यात होतो. आजी असून नव्हती. पदर होता, हात होते, पायांतली जोडवी होती, आणि चेहऱ्याच्या जागी एक धूसर, पुसट हालचाल. तिचे आयुष्यातले हे एकच छायाचित्र.

त्यात आजोबा नाहीत. का नाहीत, याचा मुकदमा आमच्या घरात पन्नास वर्षे चालला. धाकटे चुलते शपथेवर सांगत की आजोबा तेव्हा पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला, निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या केंद्रात होते. सबब छायाचित्र पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे फौजा शिरण्याच्या आधीचे. आई म्हणे, कसले केंद्र नि कसले काय, ते पलीकडच्या बैलबाजारात लालकंधारी गोऱ्ह्यांची जोडी पाहत होते. छायाचित्रकाराला एक रुपया दिला, याबद्दल दोन्ही पक्षांत एकमत. तो हाली होता की कलदार, यावर पुन्हा वाद. मी म्हणे, अहो, मी त्यात आहे, माझा जन्म १९५० चा, आणखी कोणता दस्तऐवज हवा? चुलते मरणाच्या वर्षभर आधी एकदा हलक्या आवाजात म्हणाले, "ते तू नव्हंस रे. ते तुझा थोरला भाऊ." पटकीच्या साथीत गेलेला तो भाऊ मी पाहिलेला नाही. मग ती बाही, ती बादली, तो पांढरा ठिपका मी कोणाच्या डोळ्यांनी पाहिला? आईला विचारायचे राहून गेले.

हैदराबादच्या राज्यात कॅमेरा फार लवकर आला, हे मात्र नमूद केले पाहिजे. सहाव्या निजामाच्या पदरी राजा दीनदयाळ होते, ज्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब मिळाला. त्यांनी टिपलेल्या हवेल्या, शिकारी आणि झुंबरे यांची लोक वाहवा करतात. मला स्वतःला त्या झुंबरांचा लवकर कंटाळा येतो. त्यांनी औरंगाबादेकडील दुष्काळपीडितांचाही समूह टिपला आहे. दरबारी मंडळी बसवावीत तशी हाडांची माणसे ओळीने बसविली आहेत आणि ती सगळी कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. त्यांनाही कोणीतरी हलू नका असे बजावले असेल. ती माणसे हलण्याच्या अवस्थेत तरी होती का?

काही क्षणांच्या नशिबी कॅमेरा असतो, काहींच्या नसतो. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाई व्यारावाला कॅमेरा घेऊन बिर्ला भवनाकडे निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ म्हणून पतीने त्यांना माघारी बोलावले, आणि ती हुरहूर त्यांना अखेरपर्यंत पुरली. त्याच दुपारी गांधीजींना भेटून गेलेला फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ रात्री तेथेच होता. फाटकावरच्या दिव्याच्या उजेडात, जमावाला ती वार्ता सांगणाऱ्या नेहरूंचे त्याने घेतलेले चित्र कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तर हललेले, धूसर, सदोष म्हणावे असे आहे. कोणत्याही दुकानदाराने ते गिऱ्हाइकाच्या हाती ठेवले नसते. मी मात्र त्या पुसट चेहऱ्यापाशी आलो की आजीपाशीच येतो. आणि त्याच दिवशी, मुदखेडला गाडी बदलून सहज जाता येईल अशा आमच्या उमरीत, स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी भर दिवसा बँक लुटली, लाखांची रक्कम लढ्यासाठी नेली आणि तिचा हिशोब चोख ठेवला. तेथे ना होमाईबाई होत्या, ना फ्रेंच पाहुणा. उमरीच्या बँकेचा म्हणून एक क्षण माझ्या डोळ्यांपुढे आहे, अगदी तिजोरीच्या कडीसकट आहे. पण तो मी शाळेतल्या गुरुजींच्या तोंडून ऐकलेला.

फलक दुसऱ्या दिवशी उतरला. पुढल्या आठवड्यात परतीच्या पावसाने गाठले तेव्हा मी शेतावर होतो. आमच्या वाटेकऱ्याने कापलेल्या सोयाबीनच्या ढिगावर काहीतरी घाईघाईने पांघरले, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले, आणि धावत खोपीत आला. विजेच्या उजेडात पाहतो तो शुभेच्छुकांची नावे दुमडून खाली गेली होती, तारीखही दगडाखाली गेली होती. वर नेमके ते दोघेच होते, आणि दोघांच्या जुळलेल्या हातांमधल्या खोलगटात पाणी साचत चालले होते.

"दाबलंय ना नीट?" मी विचारले.

"हलत न्हाई आता," तो म्हणाला, आणि चुन्याची डबी काढली.