पट्टा कोणाला मिळतो, हे कोण ठरवते? : रेसलमेनिया १९ पुन्हा पाहताना

"डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती खोटी असते, त्यावर काय बोलायचे?" असे म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर ठरलेले आहे. खोटी असते म्हणूनच बोलायचे. खऱ्या कुस्तीत पैलवान हरला तर दम कमी पडला, डाव फसला, समोरचा भारी होता, असे म्हणता येते. जत्रेच्या फडात दोन पैलवान नुरा कुस्ती खेळू लागले तर लोक हुर्यो उडवतात. डब्ल्यूडब्ल्यूईत मात्र सगळीच नुरा. कोण कोणाला अस्मान दाखवणार हे आधीच कागदावर लिहिलेले असते. म्हणजे तिथे कोणी हरत नाही, त्याला हरवायचे असे कोणीतरी ठरवलेले असते. आणि ज्याने ठरवले त्याला 'का ठरवले?' हा प्रश्न विचारता येतो.

हा प्रश्न आम्हाला ज्या कार्यक्रमाने शिकवला, तो म्हणजे ३० मार्च २००३ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात सेफको फील्ड मैदानावर झालेला रेसलमेनिया १९.

त्या काळी आमच्या वस्तीत केबलवर टेन स्पोर्ट्स दिसायचे. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दारात चपलांचा ढीग. खिशात डब्ल्यूडब्ल्यूएफची पत्ते असलेली कार्डे, आणि कोणाची उंची जास्त, कोणाचे वजन जास्त यावरून भांडणे. आमच्यात रॉकवाले होते, अंडरटेकरवाले होते, ऑस्टिनवाले होते. आणि आम्ही काहीजण बुकर टी वाले होतो. त्याचा 'स्पिनरूनी' हा जमिनीवर गोल फिरून उठण्याचा नाच आम्ही गल्लीतल्या फरशीवर करायचो आणि कोपरे सोलून घ्यायचो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रेसलमेनिया १९ हा वाईट कार्यक्रम नव्हता. आजही अनेक चाहते त्याला सर्वोत्तम रेसलमेनियांमध्ये धरतात आणि आम्हीही धरतो. शॉन मायकल्स आणि ख्रिस जेरिको यांची लढत, आणि ती संपल्यावर जेरिकोने आधी मिठी मारून मग केलेला दगा, हे विसरता येत नाही. स्टोन कोल्ड ऑस्टिन त्या रात्री रॉककडून हरला आणि त्यानंतर थेट २०२२ पर्यंत लढतीसाठी रिंगमध्ये उतरला नाही. शेवटच्या लढतीत ब्रॉक लेसनरने एवढ्या अवाढव्य देहानिशी दोरावरून उलटी कोलांटी मारली, ती चुकली आणि तो डोक्यावर आपटला. तरी उठून त्याने कर्ट अँगलला हरवले. पन्नास हजारांहून जास्त लोक मैदानात होते. हे सगळे आम्हाला आवडले आणि अजूनही आवडते. आवडणाऱ्या गोष्टीची चिकित्सा करायची नाही, असे आम्हाला कोणी शिकवलेले नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. त्या रात्री वर्ल्ड हेवीवेट पट्ट्यासाठी ट्रिपल एच विरुद्ध बुकर टी अशी लढत होती.

बुकर टी ह्यूस्टनमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय माणूस. आई-वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. तरुणपणी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झाली, १९ महिने तुरुंगात काढले. बाहेर येऊन तो कुस्ती शिकला. भावाबरोबर डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत गेला, तेव्हा १९९३ मध्ये या दोन काळ्या भावांना कैदी म्हणून बेड्या घालून एका गोऱ्या मॅनेजरच्या मागे आणायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यातून निघाली होती. ती गुंडाळावी लागली आणि मग हे भाऊ 'हार्लेम हीट' म्हणून गाजले. हार्लेम म्हणजे न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच आहे.

पुढे बुकर टी एकट्याने लढू लागला आणि डब्ल्यूसीडब्ल्यूचा जागतिक विजेता झाला, एकदा नव्हे, पाच वेळा. चौथ्यांदा तर मार्च २००१ मध्ये, ती कंपनी डब्ल्यूडब्ल्यूएफने विकत घेतल्यावर झालेल्या शेवटच्या साप्ताहिक कार्यक्रमात.

समोरच्या माणसाकडे तो पट्टा कसा आला होता? सप्टेंबर २००२ मध्ये वर्ल्ड हेवीवेट पट्टा नव्याने सुरू झाला, तेव्हा पहिला विजेता ठरवण्यासाठी एकही लढत झाली नाही. एरिक बिशॉफने ब्रीफकेस उघडली, पट्टा काढला आणि ट्रिपल एचच्या हातात ठेवला. बुकर टीने पाच वेळा मिळवलेल्या डब्ल्यूसीडब्ल्यूच्या त्या मोठ्या सोनेरी पट्ट्याचेच हे रूप. म्हणजे लढून मिळवणारा आव्हानवीर आणि हातात आयता मिळालेला विजेता. गुणवत्तेच्या नावाने आपल्याला उठताबसता ऐकवणाऱ्यांनी हे चित्र जरा नीट पाहावे.

फेब्रुवारी २००३ मध्ये बुकर टीने बॅटल रॉयलमध्ये शेवटी रॉकला बाहेर फेकून रेसलमेनियाचे तिकीट मिळवले. त्यानंतर मार्चच्या सुरुवातीला 'रॉ'मध्ये ट्रिपल एच रिंगमध्ये त्याच्यासमोर उभा राहिला आणि त्याने जे सुनावले त्याचा सारांश असा : तुझा तुझ्या जागेबद्दल गैरसमज झाला आहे. तू रेसलमेनियात येशील, पण तुझ्यासारखे लोक जागतिक विजेते होत नसतात. तो मान माझ्यासारख्यांचा. तू इथे लढायला नाहीस, लोकांची करमणूक करायला आहेस. चल, थोडा नाचून दाखव. शिवाय त्याच्या केसांवर टोमणा होताच.

'तुझ्यासारखे लोक' म्हणजे कोण, हे त्याने सांगितले नाही. सांगायची गरजच नव्हती. हे शब्द आपल्याला भाषांतर करून घ्यावे लागत नाहीत. 'पायरीने राहा' हे वाक्य ज्याने एकदा तरी ऐकले आहे, त्याला इंग्रजी येत नसले तरी तो प्रसंग कळतो. आमच्या कॉलेजात वर्गाचा प्रतिनिधी निवडायची वेळ आली, तेव्हा आमच्यातल्या एकाला असेच हसत सांगितले गेले होते : "तू गॅदरिंगला गाणे म्हण, ते तुला छान जमते." गाणे म्हणणारा चालतो. नाचणारा चालतो. हसवणारा तर फारच चालतो. फक्त त्याने मान मागू नये.

आमच्यातल्या एकाचे आजोबा जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात हलगी वाजवायचे. हलगी कडाडल्याशिवाय फडात रंग भरायचा नाही, पैलवानाच्या अंगात यायचे नाही. पण मानाचा फेटा बांधायची वेळ आली की तो कोणाच्या डोक्यावर बांधायचा, हे हलगीवाल्याला कोणी विचारत नसे. करमणुकीची जागा वेगळी आणि मानाची जागा वेगळी, ही वाटणी अमेरिकेत वर्णाने केली, आपल्याकडे जातीने केली. पद्धत वेगळी असेल, हिशेब तोच.

आता तुम्ही म्हणाल, ट्रिपल एच खलनायक होता. खलनायकाने वाईटच बोलायचे असते. बरोबर आहे. आमचा आक्षेप त्याच्या बोलण्यावर नाहीच. पडद्यावर जातीयवादी दाखवायचा असेल तर तो जातीयवादी बोलणारच. आमचा आक्षेप शेवटावर आहे. या कुस्तीचा प्रेक्षकाशी एक न लिहिलेला करार असतो. खलनायक आठवडे-आठवडे माज करतो, नायकाला अपमानित करतो, आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री त्याचा हिशेब चुकता होतो. अपमान जेवढा मोठा, परतफेड तेवढी मोठी. प्रेक्षक पैसे देतो ते त्या परतफेडीसाठी.

त्या रात्री काय झाले? रिक फ्लेअर बाहेरून लुडबुड करत होता. बुकर टीचा गुडघा दुखावला. तरी तो दोरावर चढला, त्याने 'हार्लेम हँगओव्हर' मारला. दुखऱ्या पायाने सरपटत पिनसाठी गेला, पण ट्रिपल एच सुटला. मग ट्रिपल एचने आपला 'पेडिग्री' डाव टाकला. आणि लगेच पिन केले नाही. दोघेही पडून राहिले. वीस सेकंदांहून जास्त वेळ गेला. मग ट्रिपल एच सावकाश सरकत आला, एक हात बुकर टीच्या अंगावर टाकला आणि पंचाने तीन मोजले.

ते वीस-बावीस सेकंद आम्ही आजही विसरलेलो नाही. कारण त्या सेकंदांनी पराभवापेक्षा जास्त काही सांगितले. थोडक्यात हुकले, फसवणूक झाली, असे म्हणायलाही जागा ठेवली नाही. तू इतका संपलास की तुला पाडल्यावर मी निवांत आराम करून आलो तरी चालते, असा तो शेवट होता. खलनायकाने 'तुझ्यासारखे लोक विजेते होत नसतात' असे म्हटले, आणि लिहिणाऱ्यांनी कथेतून सिद्ध केले की त्याचे बरोबर होते. अपमान खलनायकाचा होता, पण त्यावर सही कंपनीची होती.

काहीजण म्हणतात, रॉक तर आधीच विजेता झाला होता, मग वर्णाचा प्रश्न कुठे येतो? रॉकचे वडील कृष्णवर्णीय, आई सामोअन, आणि त्याचे विजेतेपद खरेच मोठे होते. पण एक रॉक झाला म्हणून दरवाजा उघडला, हा युक्तिवाद आपण चांगला ओळखतो. 'तुमचा एकजण कलेक्टर झाला ना, मग आता अन्याय कुठे राहिला?' हाच तो युक्तिवाद. आणि दरवाजा उघडलाच होता, तर तुझ्यासारखे लोक आत येत नसतात ही ओळ लिहायची गरज का पडली?

दुसरे म्हणतात, बुकर टीला पट्टा मिळाला की २००६ मध्ये! मिळाला. जुलै २००६ मध्ये, रे मिस्टेरिओला हरवून, चावो गरेरोच्या दग्याच्या मदतीने. तेव्हा तो मुकुट घालून खोट्या ब्रिटिश उच्चारात बोलणारा 'किंग बुकर' झाला होता. ते काम त्याने अफाट केले, आम्ही पोट धरून हसलो. पण बघा, पट्टा मिळाला तेव्हा तो ह्यूस्टनचा बुकर टी राहिला नव्हता, हसवणारा राजा झाला होता. २००३ मध्ये त्याला जे सुनावले होते, त्याचे उत्तर २००६ मध्ये मिळत नाही.

उत्तराच्या जवळ जाणारी रात्र यायला सोळा वर्षे लागली. ७ एप्रिल २०१९, रेसलमेनिया ३५. घानामध्ये जन्मलेला कोफी किंग्स्टन अकरा वर्षे कंपनीत राबून मुख्य पट्ट्याच्या लढतीपर्यंत पोहोचला. कथेत मालक व्हिन्स मॅकमहन त्याच्यासमोर एकामागून एक अडथळे उभे करत होता. या वेळी शेवट वेगळा लिहिला गेला. कोफी जिंकला, त्याची मुले रिंगमध्ये आली, आणि आमच्यातले दोघे-तिघे आता बापे झालेली असूनही रडले. पण त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ब्रॉक लेसनरने त्याला दहा सेकंदांच्या आत हरवले. अकरा वर्षांची वाट आणि दहा सेकंदांचा शेवट. दोन्ही एकाच लेखणीने लिहिले.

इथेच आमचा मुद्दा येतो. रिंगमध्ये आपला माणूस असणे ही अर्धीच गोष्ट आहे. टाळ्या, टी-शर्ट, कार्डे, नाच हे सगळे मिळूनही पट्टा कोणाच्या कंबरेला जाणार, हे बंद खोलीत ठरते. त्या खोलीत कोण बसते ते पाहा. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रिपल एचचे लग्न मालकाच्या मुलीशी झाले आणि २०२२ पासून कंपनीच्या कथा ठरवण्याची सूत्रे त्याच्याकडेच आली. यात कोणता कट शोधायचा नाही. घराणे, नातेगोते आणि सत्ता एकमेकांत कशी मुरलेली असते, हे आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही साखर कारखान्याकडे पाहून कळते.

म्हणून आमच्या पोरांना सांगणे आहे. कुस्ती बघा, सिनेमा बघा, मालिका बघा. मजा घ्या, ती सोडायचे कारण नाही. पण बघताना विचारा की हे कोणी लिहिले? आपल्यासारखा माणूस कथेत कुठे उभा आहे, आणि शेवटी तो कुठे पडला आहे? बाबासाहेबांनी शासनकर्ती जमात व्हायला सांगितले, ते फक्त विधानसभेपुरते नव्हते असे आम्ही मानतो. जिथे जिथे निकाल लिहिला जातो, त्या प्रत्येक टेबलावर आपली खुर्ची हवी. बुकर टी त्या रात्री कमी पडला नव्हता. त्याच्या बाजूने लिहिणारा हात त्या खोलीत नव्हता. तो हात तयार करणे हे आपले काम आहे.

जय भीम!