बंदूक लेकीची, ओझं आईचं

माझ्या माहेरी बाराची बंदूक होती. राधानगरीकडचं गाव, शेताला लागून जंगल आणि एका रात्रीत उसाचा फड लोळवणारी रानडुकरं; म्हणून आबांकडे पीक संरक्षणाचा परवाना. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सोडवून आणायची. आबांनी ती चालवली असेल ती बहुतेक हवेत बार काढायलाच. तेव्हा घरात बंदूक असण्याचं मला नवल नव्हतं. नवल वाटलं ते लेकीने एअर रायफल धरली तेव्हा. बंदूक एकच, पण तिच्या मागून येणारं सामान संपेचना.

निमित्त झालं १ ऑगस्ट २०२४ चं. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांवर कांस्यपदक घेतलं. स्वप्निल राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, त्यामुळे आबांचा फोन त्या दिवशी खाली ठेवला गेलाच नाही. तसं कोल्हापूरला नेमबाजीचं वेड जुनंच. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण मारून विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं. दुधाळीच्या रेंजचं नाव कितीदा कानावर यायचं. पण पेपरात वाचून कौतुक करणं वेगळं आणि बँकेतून सुटल्यावर पोरीला रोज रेंजवर नेणं वेगळं.

रायफल क्लबची होती, आळीपाळीने मिळायची. तिचं वजन नियमाने साडेपाच किलोंपर्यंत असू शकतं, आणि चौदा वर्षांच्या पोरीला तेवढं वजन खांद्यावर तोलून उभं राहायचं तर हात लटपटणारच. एका संध्याकाळी प्रशिक्षक सरांनी क्लबमधल्या मोठ्या मुलीचं जुनं जॅकेट तिला घालायला दिलं. कॅनव्हास आणि चामड्याचं, इतकं ताठ की फरशीवर ठेवलं तर आपलं आपण उभं राहील. बाह्या चढवताना तिची कोपरं अडकली, मी मागून ओढून धरलं, बटणं लावताना दोघींनाही घाम फुटला. आतून आधीच्या मुलीच्या घामाचा आणि अमृतांजनाचा वास. उजव्या खांद्यावर दस्ता टेकतो तिथली रबराची पट्टी झिजून गुळगुळीत झालेली. एवढा चिलखताचा थाट झाल्यावर पोरीला वाकता येईना. खाली सांडलेले छर्रे मीच वेचले. मग तिने डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवलं, श्वास सोडला, आणि मघापासून थरथरणारी नळी थांबली. त्या क्षणी मला या खेळातलं काहीतरी पहिल्यांदा समजलं.

जॅकेट पाठीला आधार देतं, म्हणूनच त्याच्यावर नियमांचा पहारा. जाडी अडीच मिलिमीटरच्या वर जाता कामा नये, ताठरपणासुद्धा यंत्राने मोजतात. मोठ्या स्पर्धेत आधी तपासणीच्या टेबलावर जॅकेट, पँट, बूट, हातमोजा सगळं मांडायचं. मापात बसलं तरच पुढे जायचं. बुटांचे तळ सपाट, पँटही त्याच जाड कापडाची. ते सगळं चढवून लेक लेनकडे निघाली की थेट बदकासारखी दिसते. मी हसते, ती चिडते.

छर्रा साडेचार मिलिमीटरचा, शिशाचा आणि तोंडाला सपाट, म्हणजे कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. दहा मीटरवरच्या टार्गेटमध्ये दहाचा ठिपका मात्र अर्ध्या मिलिमीटरचा. नेम बरोबर लागला की तो ठिपका कागदावर उरतच नाही. शिसं असल्यामुळे सरांचा दंडक कडक: हात साबणाने धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावायचा नाही. घरी तर छर्र्याशिवायच सराव. भिंतीवर काळा ठिपका चिकटवून ती रायफल धरून नुसती उभी असते. शेजारच्या काकूंनी एकदा दारातून डोकावून विचारलं, "काय गं, शिक्षा केलीयस काय पोरीला?"

आबा एकदा रेंजवर आले. लेकीने एक गोळी मारली, मान वळवून पडद्यावर आकडा बघितला, पुन्हा रायफल उचलली. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "बार कवा हुणार?"

"झाला की आबा. लागला पण."

"आवाजच न्हाई की गं हिचा!" मग खुर्चीवर बसून ते बराच वेळ बघत राहिले. निघताना सरांना म्हणाले, "आमी बी डुकराची वाट बघत असंच गप बसायचो. पर डुक्कर तरी यायचं. हितं ह्यांच्याकडं काय येतंय?" सर हसले, म्हणाले, "आबा, कधीकधी दहा येतो."

पुढच्या रविवारी त्यांना न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये नेलं. तिथल्या बंदुका आणि पेंढा भरलेले वाघ-गवे बघून म्हाताऱ्याची कळी खुलली. शाहू महाराजांच्या काळातली चित्त्यांची शिकार हा आमच्याकडे अजून रंगवून सांगायचा विषय. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवायची, त्याला बैलगाडीतून माळावर न्यायचं आणि काळविटांचा कळप टप्प्यात आला की टोपी काढून सोडायचं. पुढे चित्तेही आफ्रिकेतून आणावे लागले, कारण आपल्याकडचे संपत आले होते. दाजीपूरचं जंगल संस्थानिकांचं शिकारीचं रान. १९५८ मध्ये ते अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला चाप लागला. आबांना अजून हळहळ वाटते, मला नाही. काचेच्या डोळ्यांच्या त्या वाघासमोर उभं राहून मला कसलाच पराक्रम जाणवला नाही. ७५ मिनिटांत साठ गोळ्या, आणि प्रत्येक गोळीला आपलंच काळीज शांत करायचं, यात मला तो जास्त दिसतो. आबांना हे सांगितलं तर म्हणाले, "तू बँकेतच बरी."

आता पैशाचं. साडेचार मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल घ्यायला शस्त्रपरवाना लागत नाही. लागतो तो खिसा. परदेशी बनावटीची चांगली रायफल दोन लाखांच्या पुढेच जाते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये दोनशे बारपर्यंत हवा दाबून भरायची, त्याची सोय वेगळी. छर्रे रोज संपतात. आणि मुलं वाढतात, जॅकेट वाढत नाही. आम्ही आजवर नवीन काही घेतलेलं नाही. जॅकेट त्या मोठ्या मुलीचं, बूट दुसऱ्या कुणाचे, हातमोजा तिसऱ्याचा. असं उसनं मिळालं म्हणून लेक उभी राहिली, नाहीतर पहिल्याच महिन्यात मी हात जोडले असते.

पण उसनं मिळणं हा नशिबाचा भाग. दहावी आली, क्लासच्या वेळा आडव्या आल्या, की किती मुलांची नेमबाजी थांबते, आणि त्यांचं सामान माळ्यावर जातं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅनव्हासला बुरशी धरायला वेळ लागत नाही. एका ओळखीच्या घरी मी असंच एक जॅकेट पाहिलं, जुन्या पंख्याखाली दाबलेलं, बटणं गंजलेली. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी ते घालून जिल्हा गाजवला असता.

याच कोल्हापुरात राजाराम कॉलेजचे प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून स्वतःचं राहतं घर गहाण ठेवलं होतं. तुम्हाला घर गहाण ठेवा असं कुणी म्हणत नाही. फक्त एकदा माळा बघा. जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, गुडघ्यावर बसून नेम धरताना पायाखाली घ्यायचा नीलिंग रोल, जे असेल ते उन्हात वाळवून जवळच्या रेंजवर नेऊन द्या. रायफल द्यायची असेल तर तिचं बिल सोबत द्या. आणि जॅकेटच्या आत छाती, उंची आणि डावखुऱ्याचं की उजव्याचं, एवढं लिहून एक चिठ्ठी टाचून ठेवा. म्हणजे सरांना योग्य पोर शोधायला सोपं जाईल.