चाकाची धाव

लाकूड आणि लोखंड यांच्या मिलाफातून आज खाटा, बाके, टेबले असे नाना प्रकारचे सामान तयार होते. परंतु या दोघांचे सख्य जुळविणे किती कठीण असते, हे मला उमगले ते बैलगाडीच्या चाकापाशी. आमच्या वऱ्हाडात बैलगाडीला बंडी म्हणतात आणि सुताराला वाढई.

दर्यापूरची जमीन म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती चाकाला अशी बिलगते, की बैलांचा दम तुटावा. अशा मातीतून कापसाची भरलेली बंडी न्यायची, तर चाक उंच हवे आणि तितकेच बळकटही हवे.

चाकासाठी लाकूड बाभळीचे घेत. बाभूळ आमच्याकडे बांधाबांधावर उगवते. काटे सोसले, तर तिच्यासारखे चिवट लाकूड नाही. मध्यभागी तुंबा, तुंब्यात ठोकलेले बारा आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसविलेले सहा पुठ्ठे. एकेका पुठ्ठ्यात दोन दोन आरे. हे सारे वाढई कागदावर एक रेघही न ओढता जुळवीत असे. त्याला कोणी रचनाकार म्हटले नाही. मी मात्र म्हणेन.

तरीही हे चाक सुटेसुटेच असे. त्याला आवळून धरणारी लोखंडी धाव लोहार घडवी, आणि ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम किंचित लहान ठेवी. लहान कडे मोठ्या चाकावर चढणार कसे, याचे आम्हां मुलांना मोठे नवल वाटे.

धाव चढविण्याच्या दिवशी आम्ही सकाळपासून तेथे ठाण मांडून बसत असू. धावेभोवती गोवऱ्यांची वर्तुळाकार रास पेटवीत. लोखंड लाल झाले, की तिघे-चौघे लांब सांडशांनी ती धाव उचलून आडव्या ठेवलेल्या चाकावर आणीत. लोखंडाचा स्पर्श होताच लाकूड भडकून पेटे. घणाचे घाव पडत, धूर डोळ्यांत जाई आणि वाढई ओरडे, “पानी टाक रे, पानी!” घागरीमागून घागरी रित्या होत. वाफेचा फूत्कार उठे आणि त्या वाफेतून लाकूड करकरू लागे. निवणारी धाव एकेक सांधा मिटवीत असे. त्या वेळी वाढई कोणाशी बोलत नसे. धाव प्रमाणाबाहेर लहान ठरली, तर आरे मोडत आणि कित्येक दिवसांची मेहनत मातीमोल होई. ती मोठी ठरली, तर उन्हाळ्यात लाकूड आटताच निसटे आणि भरली बंडी ऐन रस्त्यात बसे.

यामागचे कारण पुढे शाळेत कळले. एक मीटर लांबीचे लोखंड १०० अंश सेल्सिअसने तापले, तर सुमारे १.२ मिलिमीटर वाढते. १.४ मीटर व्यासाच्या चाकाचा घेर भरतो जवळजवळ ४.४ मीटर. धाव ५०० अंशांनी तापली, म्हणजे तिची लांबी अडीच सेंटिमीटरांहून थोडी अधिक वाढते. एवढ्याच अवकाशात सारा खेळ. लोहाराने हे गणित मांडले नव्हते. लोखंडाचा रंग पाहून तो वेळ ओळखी.

दर्यापुरावरून मूर्तिजापूर ते अचलपूर अशी शकुंतला नावाची छोटी आगगाडी जात असे. १९२१ साली मँचेस्टर येथे बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होते. वाफेच्या इंजिनांच्या चाकांवरही पोलादी धाव अशीच तापवून चढवीत. आमचा लोहार आणि विलायतेतील कारखाना यांची युक्ती एकच!

आता शकुंतला बंद आहे. बंड्या थोड्या उरल्या आणि त्यांनाही रबरी चाके आली. जुनी चाके रंग देऊन उपाहारगृहांच्या अंगणात उभी केलेली दिसतात. तुम्हांला असे एखादे चाक आढळले, तर रंगाकडे पाहू नका. धाव आणि पुठ्ठा जेथे भेटतात तेथे, रंग उडालेल्या जागी, जळक्या लाकडाची बारीक काळी रेघ दिसते का, ते पाहा.